मांडीवरचा डबा

कानोसाच्या पडद्यावर सत्तेचाळीस आकडा आला तेव्हा सुकेशिनी मेश्राम हसली. यंत्र बिघडलं, असं तिला वाटलं. आठ महिन्यांत या यंत्राने तिला अकरा, बारा, फार तर तेराच्या पुढे काही दाखवलं नव्हतं. तिने नळी पुसली, दुसरी चिमूट पावडर ठेवली आणि यंत्राला पुन्हा टिचकी मारायला लावली. सेहेचाळीस.

मग मात्र तिचं हसू गेलं.

आता कानोसा म्हणजे काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे घोळ होईल. स्फोटक पावडर किती तापट आहे हे पाहायची जुनी रीत फार सरळ होती. चिमूटभर पावडर पोलादाच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवायची आणि वरून वजन सोडायचं. आवाज झाला तर झाला. नाही झाला तर वजन थोडं वर न्यायचं आणि पुन्हा सोडायचं. म्हणजे माणूस रागीट आहे का, हे त्याच्या कानाखाली वाजवून बघण्यातला प्रकार. चिडला तर कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

नागपूरबाहेरच्या या प्रयोगशाळेत सुकेशिनीने आणि तिच्या साहेबांनी, डॉ. बोरकुट्यांनी, दुसरा मार्ग काढला होता. वजनाचा मार पावडरभर सारखा पसरला तर पावडर कोमटसुद्धा होत नाही. पण तो सारखा पसरत नाही. तो गोळा होतो कणांमधल्या भेगांत, पोकळ्यांत, एकमेकींवर घासणाऱ्या कडांवर. तिथली धुळीच्या कणाहून लहान जागा क्षणभर भट्टीसारखी तापते. बहुतेक जागा आपोआप निवतात. एखादी मात्र निवत नाही, ती शेजारणीला पेटवते, शेजारीण तिच्या शेजारणीला, आणि मग जे व्हायचं ते होतं. म्हणजे भेगा मोजल्या की राग मोजला. कानोसा पावडरला अगदी हलकी टिचकी मारायचा आणि प्रत्येक भेगेची कुरकुर ऐकायचा. माणसाच्या कानाला ती कुरकुर कधीच ऐकू आली नसती. त्या कुरकुरीच्या आकड्याला प्रयोगशाळेत सगळे चिडांक म्हणत. तीसच्या आत असला की माल पास.

आणि माल होता गारवेध रॉकेटांचा. काटोलपासून वरुडपर्यंतच्या संत्र्याच्या पट्ट्यात गावोगावी गारवेध केंद्रं उभी राहिली होती. गारपिटीचा ढग रडारवर दिसला की केंद्रातून रॉकेट जायचं, ढगाच्या पोटात फुटायचं आणि मिठासारखे बारीक कण पसरवायचं. ढगातलं पाणी मग त्या लाखो कणांत वाटलं जायचं. लिंबाएवढ्या चार गारांऐवजी हरभऱ्याएवढ्या चारशे पडायच्या, किंवा वाटेतच वितळायच्या. रॉकेटच्या डोक्यातली पावडर कानोसाने पास केलेली असायची आणि प्रमाणपत्रावर सही असायची सुकेशिनीची. त्यातलं एक प्रमाणपत्र सावळीखेडच्या केंद्रात चक्क फ्रेम करून लावलेलं होतं, कारण त्या केंद्राचा चालक सम्यक तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

"नमुना कुठला?" डॉ. बोरकुट्यांनी आत येत विचारलं.

"नवव्या घाण्याचा, सर. महिन्याची फेरतपासणी. पहिल्यांदा अकरा आला होता."

"मग यंत्र गंडलं."

"मलाही तेच वाटलं. म्हणून मागच्या वेळचा नमुना कपाटातून काढून लावला." तिने पडद्याकडे बोट केलं. "तो अजून अकराच आहे."

डॉ. बोरकुटे खुर्चीत बसले. तोच घाणा, म्हणजे एकाच वेळी कालवलेला माल, तीच पावडर, कारखान्याच्या त्याच कोठारातली. एक डबा शांत आणि दुसरा चवताळलेला. वजन तेच, रंग तोच, ओल तीच. मुंबईची समिती पुढच्या आठवड्यात योजना राज्यभर न्यायची की नाही ते ठरवणार होती. अशा वेळी यंत्राने वेड्यासारखं वागणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"दोन डब्यांत फरक काय?" त्यांनी विचारलं.

सुकेशिनीला एकच फरक माहीत होता, आणि तो इतका घरगुती होता की सांगताना तिला संकोच वाटला. "हा डबा टेम्पोने आला, सर. बाबांना ताप आहे."

बाबा म्हणजे हिरामण मेश्राम. उभं आयुष्य स्फोटकांच्या कारखान्यात मिश्रण करण्यात गेलेलं. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "उरलेल्या आठात भागते ना, मंग?" निवृत्तीनंतर कारखान्याने त्यांना नमुने पोचवायचं काम दिलं होतं. लेकीच्या प्रयोगशाळेत डबा घेऊन जायचा, याचा त्यांना इतका अभिमान की त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसायचे.

तिने फोन लावला. "बाबा, ताप कसा आहे?"

"उतरला. उद्या येतो मी. डबा पोचला का बरोबर?"

"पोचला. बाबा, तुम्ही डबा कसा आणता हो? जीपमध्ये कुठे ठेवता?"

"ठेवतो कायले? मांडीवर घेतो." आवाजात जरा दुखावल्यासारखं आलं. "तुह्या मायच्या लुगड्याची गोधडी आहे ना, तिच्यात गुंडाळतो आन् मांडीवर घेऊन बसतो. तो रस्ता पाह्यला ना तू? नुसते खड्डे. खड्डा आला का मी पाय उचलून धरतो. डब्यातली धूळ बी हालत नाही, पोरी. तुह्या लॅबात जाणारी चीज आहे ती."

सुकेशिनीने फोन ठेवला. मग तिच्या अंगातून अशी काही वीज गेली की तिला बसवेना.

"सर, जीप द्या मला. आणि जाड पोलादाची ती छोटी कोठी."

बाबांनी आणलेल्या शांत डब्यातली पावडर तिने काढली, नखावर मावेल एवढीच, आणि फुटली तरी कोणाला काही होणार नाही अशा कोठीत बंद केली. ती कोठी जीपच्या मागच्या फळीवर बांधली आणि ड्रायव्हर नाल्हे यांना सांगितलं, "कारखान्याच्या रस्त्याने एक फेरी मारा. खड्डे चुकवायचे नाहीत."

नाल्हे तिच्याकडे बघत राहिले. "मॅडम, जिंदगीत पहिल्यांदा कोणी असं म्हणून राहिलं."

जीप परत आली. टेम्पोपेक्षा जीप मऊ, तरी चिडांक एकवीस. नाल्हे पुन्हा गेले, आता त्यांनाही चेव आला होता. परत आले तेव्हा छत्तीस. डॉ. बोरकुटे शर्टाच्या बाह्या वर करून कानोसासमोर उभे होते, एखादी मॅच बघावी तसे. तिसऱ्या फेरीनंतर आकडा बेचाळीसवर गेला आणि त्यांनी टेबलावर थाप मारली.

"आठवण आहे तिला," ते म्हणाले. "मेश्राम, पावडरला आठवण आहे. प्रत्येक हादरा ती लक्षात ठेवते."

"दर हादऱ्याला कण एकमेकांवर घासतात, सर. बारीक चिरा पडतात. बाहेरून काही दिसत नाही, पण पुढचा दणका झेलायची ताकद गेलेली असते." सुकेशिनीला हे सांगताना धाप लागत होती. आयुष्यभर शोधावं असं काहीतरी हाती लागलं होतं, आणि तेही एका गोधडीमुळे. आनंदाने तिला ओरडावंसं वाटलं.

मग तिला पुढचं सुचलं आणि आनंद जागच्या जागी थिजला.

नऊ घाणे पास झाले होते. नऊच्या नऊ घाण्यांचे नमुने बाबांच्या मांडीवरून आले होते. आणि त्याच घाण्यांची रॉकेटं टेम्पोत रचून, दोऱ्या आवळून, त्याच खड्ड्यांतून गावोगावी गेली होती.

"सर," ती म्हणाली, "आपण आठ महिने पावडर तपासलीच नाही. आपण बाबांची मांडी तपासत होतो."

डॉ. बोरकुट्यांनी भिंतीवरच्या रडारच्या पडद्याकडे पाहिलं. सावळीखेडवर गारांच्या ढगाचा जांभळा ठिपका पसरत होता.

"सगळ्या केंद्रांना थांबवा," ती म्हणाली.

"तीन चिमटींच्या जोरावर? आज?" ते उठून येरझाऱ्या घालू लागले. "आंबिया बहाराची संत्री झाडावर आहेत. गारा पडल्या आणि उद्या तुमचं म्हणणं खोटं ठरलं, तर योजना संपली, प्रयोगशाळा संपली. आणि खरं ठरलं..." ते थांबले. "खरं ठरलं तर त्याआधीच कोणीतरी संपेल. बरोबर आहे तुमचं. मी वर कळवतो. लेखी हुकूम यायला वेळ लागेल, तोवर मी स्वतः एकेका केंद्राला फोन करतो. सावळीखेड तुम्ही घ्या."

तिने आधीच फोन लावला होता.

"ताई, आता नको," सम्यक म्हणाला. मागे वारा घोंघावत होता आणि पाच-पंचवीस माणसांचा गलका होता. "ढग डोक्यावर येऊन राह्यला. रॉकेटं चढवून राह्यलो मी."

"चढवू नको. खाली ठेव."

"काय बोलून राह्यली तू?"

"सम्यक, तू चढवायच्या आधी रॉकेट ठोकतोस का?"

"हो मंग. प्रवासात पावडर एका बाजूला सरकते, आत खळखळ वाजते. बूड दोन-चारदा जमिनीवर ठोकलं का बसते बरोबर." त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. घरोघरी तिखटाचा डबा असाच ठोकून भरतात. "दोन ठोकून झाले. तिसरं हातात आहे."

सुकेशिनीने आवाज चढू दिला नाही. "ऐक. ते हातातलं आपटू नको. हळू ठेव. पाळण्यात लेकरू ठेवतात तसं ठेव. ठेवलंस?"

"ठेवलं. झालं काय पण?"

तिने चार वाक्यांत सांगितलं. मग सम्यक म्हणाला, "ताई, तुह्या सहीचं सर्टिफिकेट आहे समोर भिंतीवर. सरपंचबाई इथेच उभ्या आहेत, अख्खं गाव उभं आहे. यांना काय सांगू? माह्या बहिणीची सही चुकली?"

"हो. तसंच सांग."

"गारा पडल्या तर गावात तोंड दाखवता येणार नाही मले."

"तोंड राहिलं तर दाखवशील ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "सम्या, माझी सही चुकली. तुझ्या पाया पडते, खोलीबाहेर हो आणि सगळ्यांना लांब ने."

लहानपणापासून ताईने सम्यकला रागावलं होतं, धपाटे घातले होते, पण विनवलं कधीच नव्हतं. माणसांना मागे हटायला सांगताना त्याचा आवाज तिला ऐकू आला. सरपंचबाई काहीतरी तावातावाने बोलत होत्या. कोणीतरी म्हणालं, आता यांची नाटकं सुरू झाली.

तेवढ्यात सुकेशिनीच्या डोळ्यांसमोर एक फोटो आला. केंद्राच्या उद्घाटनाचा. कारखान्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बाबा बसलेले, डोक्याला फेटा, आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं रॉकेट. पोराच्या केंद्राचं पहिलं रॉकेट मीच नेणार, म्हणून ते साहेबांशी भांडले होते.

"सम्यक, बाबांनी आणलेलं रॉकेट कुठे आहे?"

"कोपऱ्यात. गोधडीच्या तुकड्यातच आहे अजून. बाबांनी आणलं म्हणून ते मी उडवलंच नाही."

"ठोकलंस कधी?"

"त्याले हात लावला नाही मी. फक्त बुद्धपौर्णिमेला फूल वाह्यलं होतं."

सुकेशिनीने डॉ. बोरकुट्यांकडे पाहिलं. ते दुसऱ्या फोनवर कुठल्यातरी केंद्राशी बोलत होते, पण कान इकडेच होते. त्यांनी रडारकडे पाहिलं, कपाटातल्या शांत डब्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो.

"तेवढं एकच चढव," ती म्हणाली. "न ठोकता. खळखळ वाजली तर वाजू दे. चढवलं की खंदकात जा आणि तिथून बटण दाब. एकच रॉकेट आहे, सम्यक. ढगाचं पोट नीट बघून सोड."

पुढचा वेळ फार वाईट गेला. फोन चालू होता. सम्यकची पावलं, लोखंडी दाराची करकर, त्याचा श्वास. मग तो म्हणाला, "खंदकात आलो. ढग वर येऊ देतो." तो थांबला. वारा वाढला. कोणी म्हातारा ओरडला, अरे सोड ना बे. सम्यक तरी थांबला. सुकेशिनीला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला.

"सोडलं," तो म्हणाला, आणि सूंऽऽ असा आवाज फोनमध्ये भरून गेला.

खूप वर कुठेतरी, टाळी वाजावी तसं, काहीतरी फुटलं. बरोबर जिथे फुटायला हवं तिथे.

मग गारा सुरू झाल्या. पत्र्यावर त्या तडतड वाजायला लागल्या तेव्हा सुकेशिनीने डोळे मिटले. तडतड वाढली. मग सम्यक एकदम हसायला लागला, रडतोय की हसतोय कळू नये तसा.

"हरभरे आहेत, ताई. हरभऱ्याएवढ्या आहेत. सरपंचबाई ओंजळीत घेऊन दाखवून राह्यल्या."

गावाच्या वरच्या अंगाला, जिथे एकट्या रॉकेटचे कण पोचले नाहीत, तिथल्या बागा झोडपल्या गेल्या. त्या लोकांनी सम्यकला शिव्या घातल्या, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पण दोन दिवसांनी सावळीखेडच्या माळावर खोल खड्डा खणून त्याने ठोकलेल्या दोन रॉकेटांपैकी एक लांबून दोरीने वर उचललं आणि वीतभर उंचीवरून सोडलं, तेव्हा तेच लोक बांधावर उभे होते. जमीन हादरली आणि खड्ड्याच्या जागी विहिरीएवढा खळगा झाला. सम्यक ज्या खोलीत रॉकेटं ठोकायचा ती खोली त्या खळग्यात सहज मावली असती. सरपंचबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी चहाला नेलं.

राहिलं बाबांना सांगायचं. सुकेशिनीने ते दोन दिवस टाळलं होतं. शेवटी ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी गोधडीचा काठ सरळ करत राहिले.

"म्हणजे मी जपलं, तेच चुकलं," ते म्हणाले.

"तुमचं नाही चुकलं, बाबा. आम्ही विचारलंच नाही कधी, डबा कसा येतो म्हणून."

"पोरगा गेला असता माहा." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माह्या हातानं."

"तुमच्याच हाताने वाचला तो. गाव वाचलं ते तुमच्या रॉकेटने."

त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. पण आठवड्याने डॉ. बोरकुटे स्वतः घरी आले आणि म्हणाले, हिरामणभाऊ, तुमची मांडी मोजायची आहे. बाबांना वाटलं साहेब थट्टा करतात. थट्टा नव्हती. कारखान्याच्या रस्त्याने जीप निघाली. बाबांच्या मांडीवर गोधडीत वाळूने भरलेला डबा, डब्याला हादरे मोजणारी चकती, आणि मागच्या फळीवर दुसरा तसाच डबा. नाल्ह्यांनी एकही खड्डा सोडला नाही. बाबा प्रत्येक खड्ड्याला पाय उचलत होते. फळीवरच्या चकतीची रेघ नुसती थयथयाट करत होती आणि मांडीवरची रेघ संथ चालली होती.

त्या रेघेवरून रॉकेटं न्यायच्या नव्या पेट्या झाल्या. स्प्रिंगांवर झुलणाऱ्या, आत गादी असलेल्या. प्रत्येक पेटीतली चकती वाटेतले हादरे मोजते, आणि मांडीहून जास्त हादरा बसला की लाल दिवा लागतो. सरकारी कागदावर या पेटीला लांबलचक नाव आहे. कारखान्यात मात्र सगळे तिला मांडीच म्हणतात. "दोन मांड्या भरल्या, तिसरी आण," असं टेम्पोवाला ओरडला तेव्हा बाबा लाजले आणि धोतर सारखं करत दुसरीकडे बघू लागले.

योजना पुन्हा सुरू झाली त्या सकाळी सुकेशिनी कारखान्यात गेली होती. टेम्पो भरून तयार होता. बाबा धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर गोधडी टाकून उभे होते. नमुन्याचा डबा त्यांच्या हातात होता.

"बाबा," ती म्हणाली, "नमुना आता मालासोबत जायचा. मालाला जेवढं बसेल तेवढंच त्यालाही बसलं पाहिजे. तुमच्याकडे नाही द्यायचा."

"माहीत आहे मले," बाबा म्हणाले. त्यांनी डबा एका पेटीत रॉकेटाशेजारी ठेवला, झाकण लावलं आणि स्वतः टेम्पोत चढले.

"तुम्ही कशाला मागे बसता? पुढे बसा."

"बसतो इथंच. सोबत."

टेम्पो निघाला. सुकेशिनी मागून जीपमध्ये होती. पहिला खड्डा आला. पेट्या स्प्रिंगांवर झुलल्या. बाबांचे पाय आपोआप उचलले गेले आणि दोन्ही हात पेटीकडे धावले. वाटेतच थांबले. मग त्यांनी ते हात मागे घेतले, मांडीवरची रिकामी गोधडी घट्ट धरली आणि पुढचा खड्डा यायची वाट पाहत बसले.